यादीतली तेविसावी ओळ

शुद्धीवर आले तेव्हा नाकाशी चप्पल होती. चामड्याची, पुरुषी, जुनी. डोक्यावर कापडी फलक: 'अपस्मार संशोधन निधी'. त्याखाली मी. तोंडाला फेस, साडी गुडघ्यापर्यंत, समोर भरलेला हॉल उभा राहून बघतोय.

"और पास पकडो, और पास," कुणीतरी ओरडत होतं.

चप्पल मी ओळखली. माझ्या अण्णांची. हॉलवर मीच आणली होती.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. शांती नगरातल्या कितीतरी इमारतींना तेव्हा अजून रंग लागायचा होता. तिथल्या एका बिल्डर कुटुंबाच्या ट्रस्टमध्ये मी कारकून होते. कार्यक्रम कुठलाही असो, यादी माझी. मला फिट्स येतात हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. लग्न त्यावरून मोडलं होतं, नोकरी मोडू द्यायची नव्हती.

अध्यक्ष मॅडमनी या निधीच्या कार्यक्रमाची यादी वाचली. समई, हार, माइक, पाहुण्या डॉक्टरांसाठी गाडी. म्हणाल्या, "एक जुनी चप्पल पण लिही. पेशंट येणार ना. कुणी पडलं तर तमाशा नको."

सगळे हसले. मीही हसले. आणि लिहिलं. तेवीस: चप्पल, जुनी, एक.

लिहिलं की आणायचं, ही माझी सवय. नवघरच्या आमच्या घरात दारामागे एक होतीच. अण्णा गेले तरी आईने ती टाकली नव्हती. माझ्यासाठीच ठेवलेली. लहानपणी मी पडले की अण्णा चप्पल घेऊन धावत यायचे. माझ्या नाकाशी धरायचे आणि रडायचे. दुसरं काही त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी चप्पल कागदात गुंडाळून नेली. यादीवर खूण केली. यादीत सगळं होतं. माझी सकाळची गोळी नव्हती. ती राहूनच गेली, आणि मी स्टेजवर पडले.

पाहुण्या डॉक्टरांनी चप्पल काढून घेतली, मला कुशीवर वळवलं. मग वर बघितलं. "किती मिनिटं चाललं? घड्याळ कुणी बघितलं?"

कुणीच नाही.

मला विचारलं, "महिन्यातून किती वेळा येते?"

ट्रस्टच्या कपबश्या किती, मला पाठ होत्या. हे सांगता येईना.

"हेच तर आम्हाला हवंय," डॉक्टर हळू म्हणाले. "पैसे मिळतात हो. नाव लावून सांगणारं माणूस मिळत नाही."

सोमवारी मॅडमनी बोलावलं. "अहवाल लिही, चेकबरोबर हॉस्पिटलला जायचाय. 'कार्यक्रम निर्विघ्न पार पडला', बस. तुझं काही नको. आणि आता तू घरीच राहा. लोक विचारतात, यांच्याकडे असली बाई कशी?"

"असली म्हणजे कसली, मॅडम?"

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

मी अहवाल लिहिला. 'कार्यक्रमात ट्रस्टच्या कारकून बाईंना फिट आली. मिनिटे मोजली नाहीत. उपाय म्हणून नाकाला चप्पल लावली. चप्पल यादीत होती. यादी माझी.' खाली पूर्ण नाव. एक प्रत मॅडमच्या टेबलावर, एक मी स्वतः डॉक्टरांना नेऊन दिली.

नोकरी गेली. आई म्हणाली, "आता सगळ्यांना कळणार गं."

"कळू दे."

हॉलवरून मी परत आणलेली चप्पल तिने पुन्हा दारामागे ठेवली होती. मी ती उचलली, पुसली आणि अण्णांच्या फोटोखाली ठेवली. टाकवली नाही.

तेव्हापासून वही आहे. तारीख, वेळ, मिनिटं, झोप, गोळी. डॉक्टरांकडे नेते, ते उतरवून घेतात. आजार का होतो ते माझ्या हयातीत कळेल, असं ते कधी म्हणाले नाहीत. वहीवर माझं नाव आहे, आद्याक्षरं नाहीत.

निधीचे कार्यक्रम अजून होतात. मी जाते. पहिल्या रांगेत बसते. मनगटावरचं घड्याळ काढून शेजारणीच्या हातात देते आणि सांगते, मी पडले तर मोजा.