परात वाजली आणि दोन गावं धावली

मंठाळात, माझ्या सासरच्या गावी, शेजारी घरात कानडी बोलणारी एक अक्का राहायची. त्या दिवशी ती मध्ये पडली नसती तर मी सासरी टिकले नसते, हे आधीच सांगून टाकते.

माझं माहेर लांब, गोदावरीकाठचं. शाळा तिसरीत सुटली, पुढं लग्न होऊन इथं आले. निजामी नुकतीच गेली होती. रझाकारांच्या धामधुमीच्या वर्षांत मंठाळचा शेजारच्या दोन गावांशी करार होता. माळवदावरून, म्हणजे घराच्या मातीच्या छतावरून, परात वाजली की बाकीच्यांनी काठ्या घेऊन धावायचं. आता लोक म्हणायचे, "सरकार आलंय, करार कामून पायजे?" त्यात जत्रेतल्या कुस्तीवरून तिन्ही गावांत अबोला. करार टिकलाय की मोडलाय, कुणालाच कळेना. मला तर तो मुळातच ठाऊक नव्हता.

एका दुपारी माळवदावर ज्वारी वाळत होती. चिमण्यांचा थवा उतरला. माहेरच्या सवयीनं मी परात घेतली आणि बडवली, चांगली जोर लावून.

घटकाभरात दोन्ही अंगांनी धूळ उठली. शंभरेक माणसं, काठ्या, गोफणी, एकाच्या हातात तर नांगराचा फाळ! "कुठायत? कुठायत?"

"चिमण्या होत्या," मी वरूनच म्हणाले. "उडाल्या."

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. शेजारगावचा एक अप्पा कडाडला, "चिमण्यांसाठी पळवलंस व्हय आमाला? फुडच्या बारीला खरंच कोणी चालून आलं, तर कुत्रं बी येणार न्हाई!"

तो खरं तेच बोलत होता. माझ्यापायी उद्या गाव एकटं पडलं असतं.

तेवढ्यात अक्का दारातून ओरडली, "अप्पा, वरडायलास कामून? धावून आलेल्यानं हाक मारणाऱ्याच्या घरची भाकरी खायची आन् राग सोडायचा, ही आपली रीत हाय न्हवं? बस खाली!"

रीत म्हटल्यावर सगळे बसले. घरात पीठ पुरेना. अक्कानं आपलं आणलं, मग गल्लीनं आणलं. भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी. जत्रेत भांडलेले दोघे पैलवान एकाच पंगतीत मिरचीसाठी हात पुढं करत होते. तिसऱ्या भाकरीला अप्पा म्हणाला, "चिमण्यांनी ब्येस केलं. आपण आजून येतो, हे तरी कळलं." करार पुढं चालू ठेवायचा, असं जेवता जेवताच ठरलं. दुसऱ्या दिवशी अप्पाच्या गावाहून रॉकेलचा रिकामा डबा आला. निरोप होता, "सुनंला द्या, चिमण्यांसाठी. परात आमच्यासाठी ऱ्हाऊ द्या." घरभर हशा पिकला.

अक्का आता थकलीय, दुसऱ्या गावी लेकीकडं असते. आभार मानले की म्हणते, "मी काय केलं ग?" माझ्यासाठी धावून आली ती, म्हणून तिच्याच रीतीप्रमाणं एक ना एक दिवस तिला माझ्या घरी आणीन आणि हातानं जेवू घालीन, हा माझा शब्द.