वालूरात आलेली साथ

हसायचं तर खुशाल हसा, पण चहा अंगावर सांडून घेऊ नका. माझी अशी फजिती झालीय की काय सांगू!

निजामाची अमदानी होती. परभणीच्या दवाखान्यात मी नवाच कंपाउंडर लागलो होतो. काम काय, तर बाटल्या धुवायच्या. पण ऐट विचाराल तर डॉक्टरसाहेबांच्या वरची! अशात मामासोबत वालूरला मुलगी बघायला गेलो.

मुलगी गूळपाणी ठेवून आत गेली आणि दाराआडून बघायला लागली. अहो, माझं काळीज छातीत मावेना!

तेवढ्यात तिचे वडील म्हणाले, "पावनं, तुमी दवाखान्यातले. माझी नाडी बघा की जरा."

मी झोकात त्यांच्या मनगटावर अंगठा दाबला आणि हबकलोच. नाडी नुसती उधळलेली!

"तुमचं काळीज लय पळायलंय. रक्ताला अंगभर फिरून माघारी यायला सवड न्हाई. आडवे व्हा!"

झालं! घोंगडी अंथरली. तिच्या आईनं गळा काढला, "सकाळी चार भाकरी खाल्ल्या की हो ह्यांनी!"

मी आईची नाडी बघितली. तीच गत! मामाची बघितली, तीच! "साथ हाय," मी जाहीर करून टाकलं.

"माझ्या बैलाला तर न्हाई ना लागली?" वडील घोंगडीवरूनच कळवळले.

बैलाचं काळीज माणसापेक्षा सावकाश चालतं, एवढं मला ठाऊक होतं. गोठ्यात जाऊन त्याच्या जबड्याखालची शीर अंगठ्यानं दाबली. धडधड, धडधड! "बैल बी गेला हातचा!" बैल बिचारा मजेत रवंथ करत होता, पण शास्त्रापुढे बैलाचं ऐकतो कोण?

आम्ही घरात परत आलो, तोवर अर्धी गल्ली जमलेली. तशात दाराआडून आवाज आला, "माझी बी बघा म्हणावं."

आता लग्नाआधी मुलीचा हात कसा धरायचा? म्हणून तिनं पदरात गुंडाळून पुढं केला. मी डोळे मिटून अंगठा टेकवला. माझ्या कानातसुद्धा ठोके वाजायला लागले.

"अरेरे! सगळ्यात जोरात हिचीच!"

पदर सरकला. आत लाटणं!

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नाडी बोटांनी बघायची, अंगठ्यात आपलीच शीर उडते, असं डॉक्टरसाहेब बोंबलून सांगायचे. म्हणजे मी घरभर माझंच काळीज तपासत हिंडलो होतो! आणि ते पळत होतं हिच्यापायी. सोयरीक मोडली असं समजून मी मुकाट टोपी उचलली. खरं सांगतो, रडू यायचंच बाकी होतं.

वडील मात्र पोट धरून हसत उठले. "का गं पोरी, काय म्हणतीस? पसंत हाय का पावना?"

"पसंत हाय," दाराआडून उत्तर आलं. "पण माझ्या घरात कुणी आजारी पडलं, तर ह्यांनी हात लावायचा न्हाई. नुसतं पळत जाऊन डॉक्टरला बोलावून आणायचं!"