बहिणीचा चेहरा
कॉम्प्युटर तापल्याचा वास आला की राहुरीची भाड्याची खोली आठवते. माझ्या रूममेटने गेममधल्या योद्धा मुलीला आपल्या वारलेल्या बहिणीचा सावळा, व्रणाचा चेहरा दिला होता. तो गावी गेल्यावर मी मॉड, म्हणजे गेमचं रूप बदलणाऱ्या फाइल्स, टाकून त्याचा गेम देखणा केला. पाण्यात आभाळ दिसू लागलं आणि ती मुलगी गोरी, नितळ झाली. परतल्यावर तो स्क्रीनकडे बघतच राहिला. “ही कोन हाय?” “आता कुठं बघण्यासारखी झाली,” मी हसलो. “जुनी परत आन ना,” तो रडवेला होऊन म्हणाला. दोन दिवस खपूनही कौतुक नाही, याचा मला राग आला. “जुन्या फाइल्स उडाल्या,” मी सांगितलं. त्या माझ्या पेनड्राइव्हमध्ये होत्या. त्याने खरं मानलं आणि गेमच काढून टाकला. खरं सांगायला त्याला फोन करायचं धाडस मला अजून झालेलं नाही.