कमलअक्काच्या कोंबड्या आणि आप्पांची मेथी

शेजारी कोंबड्या असल्या की अंडी मिळोत न मिळोत, किस्से रोज मिळतात. उकिरडा कसा, कोणी मुद्दाम घालत नाही, आपोआप वाढतो, तसंच. आमच्या आणि कमलअक्काच्या परसाच्या मधे कमरेएवढी भिंत. मला डोकावायची सवय नाही, पण कपडे वाळत घालायची तार नेमकी भिंतीजवळ, त्याला मी काय करणार?

कमलअक्काकडे सात-आठ गावरान कोंबड्या, एक कोंबडा आणि एक बकरी. तिचे मालक आप्पा बँकेच्या दारावर वॉचमन होते. रिटायर झाले आणि त्याच परसात मेथी, कोथिंबीर, वांगी, गिलकी लावून बसले. आता भुसभुशीत माती दिसली की कोंबडीचे पाय गप्प बसत नाहीत. आप्पांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं, "एक तं तुन्ह्या कोंबड्या ऱ्हातीन, नही तं मन्ही मेथी." म्हसावदला त्यांची बहीण आहे, तिच्या मळ्यात सगळ्या पाठवून द्यायच्या. तेव्हापासून अक्काचा जीव टांगणीला लागलेला.

*

पहिल्यांदा मेथी उगवलीच नाही. आप्पांनी पुन्हा पेरली, पुन्हा वाफा कोराच. बी बोगस निघालं म्हणून ते दुकानदाराशी भांडून आले, चार लोकांत त्याची अब्रू काढली. घरी येऊन परसात तावातावाने सांगत होते, तेव्हा मी तारेवर चादर टाकत होते. म्हटलं, बियाणं चांगलं आहे आप्पा. तुम्ही वाफ्यात बी टाकत पुढे सरकता, आणि मागून सगळ्या कोंबड्या लाइनीत वेचत येतात.

"मंग इतला दिन सांगं का नही?"

"मले वाटनं, तुमी त्यास्लेच चारी ऱ्हायनात."

आठ दिवस आप्पा भिंतीकडे पाठ करून पाणी घालत होते.

*

मग त्यांनी उपाय शोधला. कोंबडी उकरते कशाने? पायाने. मग पायच बांधून टाकू! नातवाचे जुने लोकरीचे मोजे कपाटात होते. आप्पांनी एक-एक कोंबडी बगलेत धरून मोजे चढवले आणि वरून दोरा बांधला.

कोंबड्या आधी पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. मग एकेक पाय उचलून अशा चालायला लागल्या, जशी काही लग्नात पहिल्यांदा उंच टाचा घातलेली पोरगी. कोंबडा लांबूनच बघत बसला, जवळ काही गेला नाही.

नेमका तेव्हाच पुण्याहून सुनेचा व्हिडिओ कॉल आला. अक्का फोन घेऊन परसात बसलेली. मागून एक कोंबडी गेली. सून म्हणाली, मम्मी, तो बाबूचा मोजा आहे ना? मी विणलेला?

आप्पा वांग्याच्या झाडाआड बसले.

अक्का शांतपणे म्हणाली, "थंडी भलती पडेल शे बेटा. मीच घाली दिन्हा."

*

मोज्यांचं जमलं नाही, मग कुंपण. आपल्याकडे रानडुकरं शिरू नयेत म्हणून शेताला जुन्या साड्या बांधतात, तसं आप्पांनी सगळ्या वाफ्यांभोवती अक्काच्या साड्या बांधल्या. त्यात एक मोरपंखी होती. ती तिला भावाने नेसवलेली, एकदाच अंगाला लागलेली.

अक्का साड्या बघून घरात गेली. मला वाटलं, मुकाट्याने सोसलं बिचारीने. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर वांग्यात बुजगावणं उभं. अंगात आप्पांचा बँकेचा युनिफॉर्म, बटणं लावलेली, डोक्याला टोपी. आणि खांद्यावर कोंबडी बसलेली.

दुपारी गल्लीतली जनाआजी मेथीची जुडी मागायला आली. तिला डोळ्यांनी कमीच दिसतं. कुंपणाबाहेरून तिने दोनदा विचारलं, मग हात हलवत तरातरा परत निघाली. मला म्हणाली, "नोकरीमा व्हता तवय तरी बोले. आते नुसता उभा ऱ्हास."

संध्याकाळी मोरपंखी साडी आणि युनिफॉर्म, दोन्ही आपापल्या कपाटात गेले.

*

सुरतेहून पाहुणे आले. तिकडे राहणाऱ्यांना गावाकडच्या भाजीचं फार कौतुक. गिलक्यांचा वेल बघून पाहुणा वेडाच झाला. एवढा माल! काका, खत कोणतं वापरता?

आप्पा खाकरले. घरचंच, म्हणाले.

घरचं म्हणजे काय, पाहुण्याने विचारलं. तो मोबाइलवर लिहूनच घेत होता. आप्पा आभाळाकडे बघायला लागले. आता मला ठाऊक, रोज पहाटे अक्का उठायच्या आत खुराडं कोण झाडून नेतं ते.

चहाचा ट्रे घेऊन अक्का दारात उभी होती. म्हणाली, "सांगा ना. कोंबड्यास्नं नाव घेवाले लाज वाटस का?"

*

आता परवाचं सांगते.

अक्काची ठिपक्यांची कवडी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसायला आली. आधी उबवायला ठेवलेली सगळी अंडी नासली होती, एकही पिल्लू निघालं नव्हतं. आप्पांनी तेच धरून ठेवलं. म्हणाले, ही शेवटची खेप. पिल्लं निघाली तर तुझ्या कोंबड्या इथेच राहतील, मी परत नाव काढणार नाही. नासली, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या म्हसावदला. अक्काने मान डोलावली आणि कवडीला पडवीत बांबूच्या डालग्यात भुशावर बसवलं.

अशात अक्काला रनाळ्याला भावाकडे हळदीला जावं लागलं. आणि दुपारीच आभाळ भरून आलं, गडगडायला लागलं. लगेच माझा फोन वाजला. आभाळ गडगडलं की उबवणीची अंडी नासतात, म्हणून डालग्यात काहीतरी लोखंड ठेवतात. आमच्याकडे बायका हे कधी चुकवत नाहीत. आप्पा मात्र यावर कायम हसायचे. वीज काय तुझं डालगं शोधत येते का, म्हणायचे.

"माय, मी इसरी गयी वं," अक्का रडकुंडीला आलेली. "काहीतरी ठेवी दे. त्यास्ले सांगू नको, हसतीन."

मी घरातला विळा पदराखाली घेतला आणि मागच्या दाराने पडवीत गेले. कवडीने हाताला चोच मारली. हळूच तिला जरा उचललं. अंड्यांच्या कडेला, भुशात नीट खोचलेलं, आप्पांचं खुरपं. मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली. त्या खुरप्याला ते कोणाला हातसुद्धा लावू देत नाहीत.

मी कवडीला खाली ठेवलं. विळा पदराखालीच राहू दिला.

परसात येऊन बघते तर आप्पा मेथीत उकिडवे बसलेले, स्वयंपाकघरातल्या उलथण्याने तण काढत. आभाळ वर गडगडतंय.

"आप्पा, खुरपं कोठे शे?"

त्यांनी मान वर केली नाही. "हरपी गयं."

तेवढ्यात परत फोन. अक्का विचारत होती, ठेवलं का. उलथणं थांबलं.

मी म्हटलं, "ठेवेल शे."