पांढऱ्या जमिनीवरचा डाग

कार्यालयात तिला सगळे ‘कमीजास्त बाई’ म्हणत. चहाला किती जण आहेत असं विचारलं तरी ती म्हणायची, “सहा, एखादा कमीजास्त.” कामच तसं होतं. उपग्रहातून मिथेन वायू मोजायचा आणि त्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा तेही सांगायचं. जमिनीवरून परतणाऱ्या उन्हातला थोडा भाग मिथेन वाटेतच गिळतो. किती गिळला यावरून वायू किती ते कळतं. पण जमीन मोठी लबाड. काही पांढऱ्याफटक जागी नसलेला वायूही चित्रात डाग होऊन दिसतो. चुनखडीच्या माळावरचा असाच एक डाग खरा मानून तिने एकदा बोंब ठोकली होती आणि साहेबांसमोर स्वतःचं हसं करून घेतलं होतं. तेव्हापासून ती ताकही फुंकून प्यायची. जमीन पांढरी दिसली की डाग बाद!

शहराबाहेरच्या बंद कोळसाखाणीवर पांढरी खडी पसरून मैदान केलं होतं. तिथे डाग दिसायचा आणि ती दर वेळी तो बाद करायची. धाकट्या भावाने वेल्डिंगच्या कारखान्यासाठी तीच जागा घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्याने आधी तिला विचारलं. “खुशाल घे. वायू नाही तिथे, नुसती खडी चमकते,” ती म्हणाली. चहाच्या कपांनाही कमीजास्त लावणारी बाई इथे मात्र एकदम ठाम! भावाने तिथे शेड उभारली, कारखाना सुरूही झाला.

एका दुपारी वाऱ्याच्या नोंदी पाहणारा सहकारी तिच्या टेबलाशी आला. त्याने त्या मैदानाची आजवरची सगळी चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली.

“बाई, या डागाला शेपूट आहे. वारा जिकडे जातो तिकडे तीही वळते.”

ती बघतच राहिली. खडी कधी वाऱ्याबरोबर वळते? तिने एकेक चित्र सुटं पाहिलं होतं, सुटंच बाद केलं होतं. दोन चित्रं शेजारी ठेवून बघायचं तिला सुचलंच नव्हतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने तडक भावाला फोन लावला.

“अरे, आत्ताच्या आत्ता सगळं बंद कर आणि बाहेर पड. खाणीतून वायू येतोय!”

“कसला वायू? वास तर काही नाही.”

“वास नसतोच त्याला!”

“ताई, तूच बघून सांगितलंस ना, काही नाही म्हणून?” तो हसला. “एक सांधा राहिलाय, तेवढा मारतो.”

“मी चुकले!” ती एवढ्याने ओरडली की अख्खं कार्यालय उभं राहिलं. “ऐकलंस? माझं चुकलं. हातातलं टाक आणि पळ!”

पलीकडे काहीतरी खणकन पडलं.

ती पोचली तेव्हा भाऊ आणि कामगार रस्त्यापलीकडे उभे होते. अग्निशमन दलाचा माणूस वायुमापक घेऊन शेडमधून बाहेर आला. “सामानाच्या तळघरात वायू कोंडलाय,” तो म्हणाला. “नशीब समजा. ठिणगी खाली गेली असती, तर ही शेड राहिली नसती.”

तिने भावाचा हात धरला. “बोल ना रे. शिव्या तरी घाल.”

तो एका म्हाताऱ्या कामगाराकडे बघत होता.

“त्यांना मागे त्या तळघरात चक्कर आली होती. पुन्हा उतरायला नको म्हणत होते,” तो हळूच म्हणाला. “मीच उतरवलं. म्हटलं, घाबरता काय, माझ्या बहिणीने वरून बघितलंय.”