सगुणाबाईने निवडलेले हॉटेल

सगुणा कोम हरिश्चंद्र शिवलकर, वय अदमासे वर्षे पंचेचाळीस, धंदा काही नाही, राहणार मधली वाडी, तालुका व जिल्हा रत्नागिरी. उंची बेताची, वर्ण सावळा, ओळखण्याची खूण उजव्या मनगटावर भाजल्याचा व्रण. लिहिता येत नाही, सबब डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी.

हे वर्णन १९३२ साली कचेरीतल्या एका कारकुनाने लिहून घेतले. बांधाच्या तंट्यात सगुणा साक्षीला गेली होती. कारकून प्रामाणिक होता. त्याने धंदा विचारला, तिने नवऱ्याचा सांगितला, ‘‘घोव बोटीवर असतो.’’ तेव्हा त्याने ‘काही नाही’ असे लिहिले. कातळ फोडून लावलेली हापूसची चाळीस कलमे, भाताचे तीन कुणगे, एक मारकी म्हैस, दोन मुली आणि सात वर्षे अंथरुणावर काढून गेलेली सासू, असा त्या ‘काही नाही’चा तपशील होता. पण रकान्यात जागा नव्हती.

दुसरीही एक गोष्ट रकान्यात मावली नाही. बाई रागावलेली होती. तिचा राग तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि त्याचा जन्म मुंबईतला.

मधल्या वाडीची मुंबईत एक खोली होती. माझगावात, गोदीजवळ, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. वाडीतला पुरुष मुंबईत कामाला लागला की त्याची ट्रंक त्या खोलीत यायची आणि भिंतीत त्याच्या नावाचा खिळा ठोकला जायचा. असे बावीस खिळे होते. दिवसपाळीवाले रात्री झोपत, रातपाळीवाले दिवसा. अंथरुणांना गार व्हायला सवड मिळत नसे. खोलीचा कारभार आप्पा शिवलकराकडे. हा सगुणेच्या नवऱ्याचा, हरिश्चंद्राचा, थोरला चुलतभाऊ. त्याच्याजवळ ठरावांची एक वही असे, आणि ती काखेत असली की तो मामलेदारासारखा चाले.

एरवी ही मंडळी खानावळीत जेवत आणि खानावळीला शिव्या देत. वर्षा-दोन वर्षांनी कोणाची तरी बायको मुंबई बघायला येई. मग खोलीत सण.

सगुणा पहिल्यांदा गेली ती १९२१ साली. बोटीवरून येऊन तिने पाय धुतले नाहीत तोच खोलीतल्या बाबल्याने दोन सुरमया पुढे ठेवल्या. ‘‘वैनी, वर्ष झाला घरचा कालवण खाऊन.’’ त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होते. सगुणेने सुरमया चिरल्या. दुसऱ्या दिवशी पापलेटे आली, तिसऱ्या दिवशी कोणी बोंबलांची टोपलीच आणली. बावीस माणसे, पाळ्या वेगळ्या, त्यामुळे पंगती दिवसाला चार. आठव्या दिवशी स्टोव्ह भडकला आणि कचेरीच्या सोयीची ती खूण मनगटावर उमटली. नवव्या दिवशी ती परतीच्या बोटीत बसली. निरोपाला झाडून सगळी खोली धक्क्यावर आली होती. ‘‘मुंबय कशी वाटली, वैनी?’’ आप्पाने विचारले. थट्टा म्हणून नाही. त्याला जाणून घ्यायचे होते.

१९२५ साली ती धाकट्या चिमाचा कान दाखवायला गेली. कान डॉक्टरने पाहिला, पण सकाळच्या भाकऱ्या उरकल्यावर. १९२९ साली नवरा तापाने पडला म्हणून गेली. नवऱ्याला पेज आणि बाकीच्या एकवीस जणांना घावने. कोणी तिला कामाला जुंपले नाही की कोणी वाकडा शब्द बोलले नाही. उलट मान दिला. तो मानच तिच्या घशाखाली उतरेना. शिवी देणाऱ्याला उलट शिवी हासडता येते; डोळ्यांत पाणी आणून सुरमई पुढे करणाऱ्याचे काय करायचे?

१९३३ च्या श्रावणात हरिश्चंद्राचे पत्र आले. थोरली कमळा मराठी चौथी झालेली. तिने ओट्यावर बसून वाचले. ‘मी दिवाळीनंतर बोट कायमची सोडून गावी येणार. त्याआधी तू मुलींना घेऊन एकदा मुंबईस ये. चार दिवस मजेत घालवू. उतरायचे आपल्या खोलीतच, मंडळी तुझी वाट पाहतात.’ खाली यादी होती: तिखट मसाला, कुळथाचे पीठ, आमसुले, सुके बांगडे, तांदळाचे पीठ जरा जास्त. यादी पत्रापेक्षा लांब होती.

‘‘मजेत कोन, ता लिवलाय काय?’’ सगुणेने विचारले.

‘‘नाय गो आये.’’

‘‘मग तू लिव. आम्ही येतो. खोलीत उतरनार नाय. हाटेलात उतरनार.’’

‘‘हाटेलात चा पितात, आये.’’

‘‘मोठ्या हाटेलात झोपतात पन. लिव.’’

पैसे कुठचे, असे हरिश्चंद्राने उलट टपाली विचारले. कलमांचे, असे उत्तर गेले. तो प्रश्न तिथे संपला. कुठले हॉटेल, हा प्रश्न राहिला, आणि तो सोडवायला सगुणेला सव्वा महिना लागला.

शहरातल्या एका वकिलाकडे ती नारळ घालत असे. वकिलीणबाई दरसाल मुंबईला जाऊन येत. ‘‘आम्ही गिरगावात दिरांकडे उतरतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि जेवान कोन करता?’’ सगुणेने विचारले. वकिलीणबाईंनी नारळ मोजायला घेतले. ‘‘आपल्याच माणसांत काय गं हात राखायचा,’’ त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. देवळाच्या गुरवाने धर्मशाळा सुचवली: तीन दगड, सरपण आणि भांडी फुकट. टपालकचेरीतल्या शिपायाने एका लॉजिंगचे नाव दिले. तिथे बायामाणसांची खास सोय होती. खास सोय म्हणजे काय, असे तिने खोदून विचारले. खास सोय म्हणजे स्टोव्ह.

जितके स्वस्त ठिकाण तितकी चूल जवळ, हे सगुणेने आपल्या मनाशी ताडले आणि ती महिपतकडे गेली.

महिपत तीस वर्षे मुंबईच्या बड्या हॉटेलांत बटलर होता. आता बंदराच्या वाटेवर घर बांधून राही आणि कोणी विचारले नाही तरी पुडिंगाविषयी बोले. सगुणेने विचारले म्हटल्यावर त्याने तिला खुर्चीच दिली. ती खाली बसली.

‘‘पहिलं घ्या समुद्रावरचं,’’ महिपत म्हणाला. ‘‘विजेचे पंखे, गालिचे, आणि लेकुरवाळ्या बायांसाठी दर खोलीत दूध तापवायला स्पिरिटचा स्टोव्ह.’’

‘‘नको.’’

‘‘बरं. टेकडीवरचं. तिथे राजेरजवाडे उतरतात. हिंदू कुटुंबांना मागल्या अंगाला वेगळा मुदपाकखाना. आपलं आपण रांधावं, कोणाची शिवाशिव नाही.’’

‘‘नको.’’

महिपत चिडला. बड्या हॉटेलांना नाके मुरडणारे गिऱ्हाईक त्याने पाहिले होते, पण ती लाटसाहेबांची मडमीण होती. ‘‘वैनी, तुला हवं तरी काय? संगमरवरी न्हाणी? लिफ्ट?’’

‘‘पाव्हन्याला चुलीपर्यंत जाताच येत नाय, असा हाटेल हाय?’’

महिपत पुढे वाकला. मग त्याने आवाज खाली आणला, जसा माणूस देवस्थानाविषयी बोलताना आणतो. ‘‘बेलमाँट. तिथला मोठा आचारी फिरंगी होता. दारावर पाटी: पाहुण्यांस आत मज्जाव. एका संस्थानची राणी लोणच्याला फोडणी द्यायला म्हणून आत शिरली. त्यानं तिला बाहेर काढली.’’

‘‘रानीला?’’

‘‘राणीला. वाटीसकट.’’

‘‘ताच,’’ सगुणा म्हणाली. ‘‘चिट्ठी लिवून द्या.’’

ही बातमी माझगावच्या खोलीत पोचायला चार दिवस लागले. दसऱ्याला आप्पा भातकापणीसाठी गावी आला तो थेट सगुणेच्या ओट्यावर, वाडीतले दोन वडीलधारे बरोबर घेऊन. वही काखेत होती. त्याने उभ्यानेच वाचून दाखवले.

‘‘ठराव चौथा. वाडीची खोली हयात असता वाडीतील कुटुंबाने परक्या हाटेलात उतरणे हा समस्त वाडीचा अपमान आहे. सबब तसे करणाऱ्याची ट्रंक खोलीबाहेर ठेवण्यात यावी, व शिमग्यात देवाची पालखी त्याचे अंगणात जाऊ नये. एकमताने मंजूर.’’

ट्रंकेचे काही नव्हते. हरिश्चंद्र ती घेऊन घरी येणारच होता. पालखीचे मात्र होते. सव्वीस वर्षे बोटीवर काढून माणूस घरी यावा आणि पहिल्याच शिमग्याला देवाने त्याच्या अंगणावरून पुढे जावे, म्हणजे त्याने उरलेले आयुष्य वाडीत मान खाली घालून काढावे. सगुणेला हे कळत होते. आप्पालाही कळत होते, म्हणून तर ते ठरावात घातले होते.

‘‘भावजी,’’ ती म्हणाली, ‘‘त्या खोलीत आजवर किती बाया आल्या?’’

आप्पाने बोटे मोजली. ‘‘असतील सोळा-सतरा.’’

‘‘त्यातल्या एकीन तरी मुंबय बघितलान?’’

‘‘आता, कोनाला येळ झाला नसंल...’’

‘‘कोनाला झाला नाय? तुम्हाला की त्यांना?’’

वडीलधाऱ्यांपैकी एक हसला आणि त्याने ते खोकल्यात घातले. आप्पा ओट्यावर टेकला. तो वाईट माणूस नव्हता. तडजोड करायला तो नेहमी तयार असे. ‘‘हे बघा वैनी. एवढा मनाला लावून घेऊ नका. खोलीतच उतरा. तुम्ही चुलीकडे बघायचा पन नाय. मी सांगतो तसा सगळ्यांना. मग तर झाला?’’

‘‘आनि जेवान?’’

आप्पाने इकडेतिकडे पाहिले. भिंतीला टेकून कमळा आणि चिमा उभ्या होत्या. एक चौदाची, एक अकराची. त्याचा चेहरा उजळला.

‘‘तुम्ही नुसता बसून सांगा,’’ तो म्हणाला. ‘‘पोरी करतील.’’

सगुणा उठली. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर आप्पा इतका दचकला नसता. ‘‘माझ्या पोरींचा नाव परत तोंडातून काडलास तर ही वही पेजेच्या चुलीत घालीन. पालखी कुठे फिरवायची ती फिरव. ऊठ माझ्या ओट्यावरून.’’

ज्या भावजींपुढे ती तेवीस वर्षे डोक्यावरचा पदर ढळू न देता बोलली, त्यांना तिने एकेरीत ओट्यावरून उठवले. वडीलधारे आधीच अंगणात पोचले होते. आप्पा उठला. वही ओट्यावर राहिली, ती चिमाने धावत नेऊन दिली.

कार्तिकात बोटी सुरळीत झाल्यावर सगुणा मुलींना घेऊन मुंबईला गेली. धक्क्यावर हरिश्चंद्र होता, आणि त्याच्यामागे सामानाची हातगाडी घेऊन बाबल्या.

‘‘आधी घटकाभर खोलीत जाऊ,’’ हरिश्चंद्र अजिजीने म्हणाला. ‘‘मंडळींना भेटू. मसाला देऊ, आनि मग...’’

‘‘मसाला आनलेला नाय.’’

‘‘जरासुद्धा?’’

‘‘आमसूल पन नाय.’’

हातगाडी रिकामी परत गेली. बेलमाँटच्या दारात पगडीवाल्या दरवानाने आधी हरिश्चंद्राच्या बोटीवरच्या बुटांकडे आणि मग सगुणेच्या अनवाणी पायांकडे पाहिले. आतल्या गोऱ्या साहेबानेही पाहिले. पण महिपतची चिट्ठी महिनाभर आधी येऊन पोचली होती, भाडे पोचले होते, आणि भाड्याला पाय नसतात. सगुणा तशीच गालिच्यावरून चालत गेली. सगळ्यांनी बघावे अशा बेताने चालली, असे कमळा पुढे सांगे.

भटारखान्याच्या दारावर पाटी होती. सगुणेने कमळाकडून ती वाचून घेतली. मग आत डोकावणाऱ्या चिमाला बखोटीला धरून मागे ओढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलातल्या खोलीवर निरोप आला की, खाली कोणी दोघे जण आपल्याला भेटू म्हणतात. हरिश्चंद्र मुलींना घेऊन बाहेर गेला होता. सगुणा डोळे चोळत खाली आली. मागल्या फाटकापाशी आप्पा आणि बाबल्या उभे होते; पुढल्या दाराने दरवानाने त्यांना घेतले नव्हते. बाबल्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी होते. कागद ओला झाला होता.

‘‘वैनी, झाला गेला विसरा,’’ आप्पा म्हणाला. ‘‘ठरावाचा मी बघतो. मागे घेता येतो. हितल्या भटारखान्यात सांगून कायतरी जमता काय बघा. दोनच पापलेटा हायत.’’

‘‘जास्त तिखट नको,’’ बाबल्या म्हणाला.

सगुणेने दोघांकडे पाहिले. फाटकावरचा माणूस बिडी विझवून जवळ आला.

‘‘पाव्हन्यांस आत मज्जाव हाय,’’ ती म्हणाली. ‘‘पाटी हाय. वाचून या.’’

‘‘आवो, पन तुम्ही सांगितलात तर...’’

‘‘एका रानीला बाहेर काडलानी हितून. मी कोन?’’ आणि ती वर निघून गेली. अर्ध्या जिन्यावर तिला आठवले की बरेच बोलायचे राहिले. तेवीस वर्षांचे राहिले. ती परत फाटकापाशी आली. दोघे गेले होते. उरलेले तिने फाटकावरच्या माणसाला ऐकवले. तो उत्तर प्रांताकडचा होता, त्याला एक अक्षर कळले नाही, पण त्याने तिला तीनदा सलाम केला.

त्या शिमग्याला पालखी शिवलकरांच्या अंगणात आली नाही. हरिश्चंद्र दिवसभर घरात बसून राहिला. पालखी शेजारच्या अंगणात नाचत असता सगुणा आपल्या सारवलेल्या अंगणात कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि पालखीचे भोई तिच्याकडे बघायचे टाळत होते. पुढल्या वर्षी पालखी आली. ठराव मागे घेतल्याची नोंद मात्र कुठे नाही.

वहीत दुसरी एक नोंद आहे, आप्पाच्या हातची: ‘सौ. सगुणा हरिश्चंद्र शिवलकर या कार्तिक मासी सहकुटुंब मुंबई शहर पाहण्यासाठी आल्या. बेलमाँट हाटेलात चार दिवस मुक्काम करून, शहरातील सर्व प्रेक्षणीय स्थळे पाहून, मौजमजा करून परत गेल्या. खोलीस भेट दिली नाही.’

सगुणेने शहर पाहिले नाही. ते चार दिवस ती झोपली.