जाहिरातीतल्या देवाला नमस्कार

श्रीगणेशास वंदन करून, नवा पौराणिक चित्रपट लागल्याच्या निमित्ताने आपणांस लिहितो. उदबत्तीच्या वासाने आठवले: असाच चित्रपट पाहण्यास पूर्वी एकदा आम्ही उभयता बुलढाण्यातील चित्रपटगृहात चपला दाराबाहेर काढून शिरलो. अंधारात पडद्यावर श्रीविष्णू प्रकटताच, गुडघेदुखीमुळे देवघरातही खुर्चीवर बसूनच पूजा करणारी माझी पत्नी हात जोडून उभी राहिली. मागून एक तरुण म्हणाला, "आजी, बसा ना, काही दिसून नाही राह्यलं!" ती म्हणाली, "देव उभा हाये बाप्पा, मी बसू कशी?" तेवढ्यात देवाने उदबत्तीचा पुडा दाखवला, ती जाहिरात होती! सभागृह हसले. "अहो, मंग माह्या नमस्काराचं काय?" तिने कळवळून विचारले. शास्त्रे शिकलेला मी गोंधळलो. मात्र ती उभी राहिली, हे खरे. तो नमस्कार ज्याला पोहोचला असेल, तो आपले व आपल्या कुटुंबाचे रक्षण करो.